परदेशात झालेला घटस्फोट मुंबईत ग्राह्य कसा धरला जातो: पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी

परदेशातल्या कोर्टाने घटस्फोट दिला की भारतातही तो झालाच, असं बहुतेकांना वाटतं. दुसरीकडे ‘बाहेरचा घटस्फोट इथे चालतच नाही’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. दोघांचं म्हणणं अर्धंच खरं. तो घटस्फोट इथे टिकतो की नाही हे तो कसा मिळाला यावर ठरतं: अर्ज कोणी कुठे केला, कारण काय दिलं आणि दुसरी बाजू त्यात मनापासून सामील होती का.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये वैदिक पद्धतीने झालं, संसार न्यू जर्सीत झाला आणि घटस्फोटही तिथल्याच कोर्टात. इथले कागद, वकील, बांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या चकरा हे सगळं तिचं मुखत्यारपत्र घेऊन मी पाहिलं. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणात सल्ला वकिलाचाच घ्या, पण त्याच्यासमोर बसण्याआधी काय विचारायचं आणि पिशवीत काय न्यायचं हे माहीत असलं तर तुमचा बराच वेळ आणि पैसा वाचेल.

हा लेख मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ आणि विशेष विवाह कायदा, १९५४ यांखाली झालेल्या लग्नांबद्दल आहे. पहिल्या कायद्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. पारशी जोडप्यांची प्रकरणं बांद्र्याला जात नाहीत, त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात पारशी चीफ मॅट्रिमोनियल कोर्ट आहे. ख्रिस्ती आणि मुस्लिम लग्नांना त्यांचे स्वतंत्र कायदे लागतात. त्यांची कारणं वेगळी असली, तरी परदेशी निकाल तपासायची मूळ चाळणी सगळ्यांना एकच.

१. आधी हातातला कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा

घाईत लोक वरचं शीर्षक वाचतात आणि थांबतात. तुमच्या हातात नक्की काय आहे, ते आधी ठरवा.

तो अंतिम निकाल आहे का? इंग्लंडमध्ये घटस्फोट दोन टप्प्यांत होतो. आधी ‘कंडिशनल ऑर्डर’ येते आणि किमान सहा आठवड्यांनी ‘फायनल ऑर्डर’. ६ एप्रिल २०२२ च्या आधी अर्ज केलेल्यांच्या कागदांवर याच टप्प्यांची नावं ‘डिक्री नायसाय’ आणि ‘डिक्री ॲब्सोल्यूट’ अशी दिसतील. पहिल्या कागदावर लग्न मोडत नाही. ऑस्ट्रेलियात कोर्टाचा आदेश साधारणपणे एक महिना आणि एक दिवस उलटल्यावर लागू होतो, कॅनडात एकतिसाव्या दिवशी. मधल्या काळात काढलेली प्रत इथे दाखवलीत, तर पहिला आक्षेप तोच येईल.

तो घटस्फोट आहे की फक्त विभक्तता? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ‘लीगल सेपरेशन’ असतं. न्यू जर्सीत तर ‘डिव्होर्स फ्रॉम बेड अँड बोर्ड’ नावाचा प्रकार आहे. नावात डिव्होर्स असला तरी त्यानंतर पुन्हा लग्न करता येत नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० मधली न्यायिक विभक्तता आहे, तिच्याजवळ जाणारी ही गोष्ट: एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, लग्न उभंच राहतं. असा परदेशी आदेश घेऊन मुंबईत दुसरं लग्न लावू नका. त्याचा खरा उपयोग पुरावा म्हणून होतो. तुम्ही दोघं अमुक तारखेपासून वेगळे राहता, हे त्यातून दिसतं. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायला एक वर्ष वेगळं राहणं आवश्यक असतं, तिथे तो कामाला येतो.

तिसरी गोष्ट, निकालात ‘डिफॉल्ट’ हा शब्द आहे का ते पाहा. असला तर समोरची व्यक्ती आलीच नाही आणि निकाल एकतर्फी झाला, असा त्याचा अर्थ. ‘अनकंटेस्टेड’ या शब्दावरही विसंबू नका. समोरच्याने विरोध केला नाही एवढंच त्यातून कळतं. त्याने संमती दिली असं त्यातून सिद्ध होत नाही.

२. भारतीय कोर्ट काय तपासतं

घटस्फोट आणि विभक्ततेला देशादेशांत मान्यता मिळावी म्हणून १९७० चा एक हेग करार आहे. ब्रिटन त्यात आहे, भारत नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ वर येऊन थांबतं. परदेशी निकाल बंधनकारक मानावा, पण सहा बाबतींत मानू नये, असं हे कलम सांगतं. निकाल देणाऱ्या कोर्टाला अधिकारच नव्हता. निकाल गुणदोषांवर दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो नाकारला. नैसर्गिक न्याय पाळला नाही. निकाल फसवणुकीने मिळवला. किंवा भारतातला कायदा मोडणाऱ्या मागणीवर तो उभा आहे. यातलं एक जरी लागू झालं तरी निकाल इथे टिकत नाही.

लग्नाच्या बाबतीत या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात लावून दिला. लग्न तिरुपतीला झालं होतं आणि पतीने घटस्फोट मिळवला अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातून, लग्न सावरण्यापलीकडे मोडलंय या कारणावर. ते कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. निकाल इथे मानला गेला नाही. न्यायालयाने नियम सांगितला तो असा: ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्या कायद्याला मान्य असलेलं कोर्ट हवं आणि त्याच कायद्यातलं कारण हवं. या नियमाला तीन अपवाद आहेत आणि तुमचं प्रकरण बहुधा त्यांच्याभोवतीच फिरेल.

पहिला अपवाद: समोरची व्यक्ती जिथे कायमची राहते, तिथेच अर्ज केला आणि कारण आपल्या कायद्यात बसणारं आहे. दुसरा: समोरची व्यक्ती स्वेच्छेने त्या कोर्टापुढे आली, तिने खटला खऱ्या अर्थाने लढवला आणि कारण पुन्हा आपल्या कायद्यातलंच आहे. तिसरा: कोर्टाला एरवी अधिकार नव्हता, तरी समोरच्या व्यक्तीने घटस्फोटाला संमती दिली.

कारणाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण अमेरिका आणि इंग्लंडमधली बहुतेक प्रकरणं इथेच अडतात. न्यू जर्सीत ‘इरिकन्सायलेबल डिफरन्सेस’, म्हणजे सहा महिने न मिटलेले मतभेद, हे पुरेसं कारण असतं. इंग्लंडमध्ये २०२२ पासून लग्न मोडलंय एवढं निवेदन पुरतं. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, मानसिक विकार अशी ठरलेली कारणं आहेत. लग्न सावरण्यापलीकडे गेलं म्हणून घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वापरतं, मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने ते स्पष्ट केलं. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. म्हणून एकाने अर्ज केलेला, कुणाचा दोष न दाखवता मिळालेला आणि दुसऱ्याची संमती नसलेला परदेशी घटस्फोट इथे सगळ्यांत कच्चा ठरतो.

फसवणुकीचं जुनं उदाहरण १९७४ च्या सत्या विरुद्ध तेजा सिंग या निकालात आहे. पतीने नेवाडात तात्पुरता मुक्काम करून, आपण इथलेच रहिवासी असं दाखवून घटस्फोट मिळवला होता. तो इथे फेटाळला गेला. सोयीचं राज्य किंवा सोयीचा देश गाठून पटकन घटस्फोट घ्यायचा सल्ला कुणी देत असेल, तर हे लक्षात ठेवा.

३. तिथली केस अजून चालू असेल, तर आत्ताच करा अशी कामं

हा टप्पा सर्वांत मोलाचा. निकाल लागल्यावर जे इथे महिनोन्‌महिने सिद्ध करत बसावं लागतं, ते केस चालू असताना एका परिच्छेदात लिहून घेता येतं.

दोघांची संमती असेल तर ती निकालात ठळक दिसू द्या. दोघांची सही असलेला समझोता, ज्याला तिथे ‘मॅरिटल सेटलमेंट ॲग्रीमेंट’ म्हणतात, तो निकालाचा भाग व्हायला हवा. त्यात तीन वाक्यं असावीत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे: लग्न भारतात कोणत्या कायद्याखाली आणि कुठे झालं, दोघं अमुक तारखेपासून, एक वर्षाहून जास्त काळ, वेगळे राहतात, आणि दोघं स्वतःच्या मर्जीने या कोर्टाचा अधिकार मानून घटस्फोटाला संमती देतात. तिथल्या वकिलाला यातलं काही आवश्यक वाटणार नाही, कारण त्याच्या कोर्टाला त्याची गरज नाही. तुम्हाला आहे, असं त्याला स्पष्ट सांगा. बहिणीच्या समझोत्यात ही वाक्यं होती आणि बांद्र्यात न्यायाधीशांनी सगळ्यात आधी तेच पान मागितलं.

संमती नसेल आणि खरोखर छळ झालेला असेल, तर नुसत्या मतभेदांवर अर्ज न करता क्रूरतेचं कारण मांडता येतं का, हे तिथल्या वकिलाला विचारा. आणखी एक मार्ग कायम खुला असतो: दोघं तयार असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली मुंबईतच परस्पर संमतीचा अर्ज. सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. लग्न इथलं, घर इथलं, पुन्हा लग्नही इथेच करायचं असेल, तर मला हाच रस्ता सरळ वाटतो.

४. तुम्ही मुंबईत आणि समन्स परदेशातून आलं, तर

हा भाग विशेषतः त्या मुलींसाठी, ज्या माहेरी आल्या आणि पाठोपाठ परदेशी कोर्टाचं पाकीट आलं. आधी ते कसं आलं ते पाहा. समन्स बजावण्याच्या १९६५ च्या हेग करारात भारत आहे आणि त्यातल्या टपालाने थेट समन्स पाठवण्याच्या तरतुदीला भारताने हरकत नोंदवलेली आहे. म्हणजे त्या करारातल्या देशांतून येणारं समन्स केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयामार्फत यायला हवं. कुरिअरने किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदाचं पाकीट, तारीख, स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. पुढे नैसर्गिक न्यायाचा मुद्दा यावरच उभा राहतो.

तरी गप्प बसू नका. बरेच जण सांगतात, ‘उत्तरच देऊ नकोस, एकतर्फी निकाल इथे चालत नाही.’ निकाल इथे चालणार नाही हे कदाचित खरं ठरेल, पण तिथे तो चालेल. तिथला व्हिसा, तिथली मालमत्ता, मुलांचा ताबा यांवर परिणाम होईल. लेखी हरकत घ्या: या कोर्टाला आमच्या लग्नावर अधिकार नाही आणि ही हरकत राखून मी उत्तर देते आहे. १९९१ च्या खटल्यात पत्नीने असंच हरकत नोंदवून उत्तर दिलं होतं आणि ते कोर्टाचा अधिकार मान्य करणं ठरलं नाही. हरकत न घेता थेट वाद घालायला लागलात, तर दुसरा अपवाद तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

५. कागद: कोणते, कुठून, कसे

झेरॉक्स चालत नाही. १९९१ च्या त्याच खटल्यात मिझुरीच्या निकालाच्या छायाप्रती प्रमाणित नाहीत म्हणून पुराव्यात घेतल्या गेल्या नव्हत्या. ईमेलवर आलेली पीडीएफ वकिलाला वाचायला ठीक, कोर्टात द्यायला नाही.

क्रम असा ठेवा. ज्या कोर्टाने निकाल दिला, तिथून शिक्क्याची प्रमाणित प्रत मागवा. निकाल आणि समझोता, दोन्हींची. एक नको, निदान तीन संच घ्या. मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सांगणारं, त्या करारातल्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र. भारत या करारात २००५ पासून आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर हेही आहेत. कॅनडा जानेवारी २०२४ पासून आला. अमेरिकेत अपोस्टिल राज्य सरकार देतं, बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय. न्यू जर्सीत मात्र ट्रेझरी खात्याकडे जावं लागतं. एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्याच्या अपोस्टिलने चालत नाही. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत या करारात नाहीत. तिथले कागद तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून आणावे लागतात. निकाल अरबी, जर्मन अशा भाषेत असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतरही जोडा.

आता एक बारीकशी वाटणारी गोष्ट. अपोस्टिलचं पान निकालाला पिनेने किंवा रिव्हेटने जोडलेलं येतं. कोर्टाबाहेरचा झेरॉक्सवाला सरळ पान काचेवर बसावं म्हणून ती पिन काढतो, प्रती काढतो आणि नवीन पिन मारून देतो. त्याचा त्यात काही वाईट हेतू नसतो, पण कोपऱ्यात दोन जास्तीची भोकं दिसली की हे पान याच निकालाचं कशावरून, असा प्रश्न उभा राहतो. मूळ संच झेरॉक्सच्या दुकानात देऊच नका. घरी फोनने स्कॅन करा, पानं दुमडून घ्या, पिनेला हात लावू नका.

इथले कागद: लग्नाची नोंदणी झाली असेल तर महापालिकेचा दाखला. नसेल तर लग्नपत्रिका, विधींचे फोटो आणि लग्नाला हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. दोघांचे पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या प्रती, दोघं तिथे किती वर्षं राहिले याचा पुरावा (भाडेकरार, कराची विवरणपत्रं), मुलांचे जन्मदाखले आणि मुंबईतल्या पत्त्याचा पुरावा.

परदेशी असलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात किंवा नोटरी आणि अपोस्टिल करून बनवा. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअरचं पाकीट फेकू नका, कागद इथे कधी पोचला याचा पुरावा तेच असतं.

६. नावं जुळवून घ्या

आपल्याकडची ही अडचण परदेशी वकिलांना समजावून सांगायला फार जड जातं. बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे. लग्नात तांदळात नाव लिहून बदललेलं, म्हणून लग्नपत्रिकेत एक नाव आणि महापालिकेच्या दाखल्यावर दुसरं. पासपोर्टवर पतीचं नाव मधे आणि सासरचं आडनाव. न्यू जर्सीच्या निकालात मधलं नावच गाळलेलं. कोर्टाच्या दृष्टीने या चार वेगळ्या बायका.

उपाय अवघड नाही, पण अर्ज दाखल करण्याआधी करायचा. सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा आणि अर्जाच्या शीर्षकातच ‘ऊर्फ’ लावून सगळी नावं लिहा. राजपत्रात नावबदल झाला असेल तर त्याची प्रत लावा. परदेशी निकालात नावाचं स्पेलिंगच चुकलं असेल, तर तिथल्याच कोर्टाकडून दुरुस्ती करून घ्या. इथलं कोर्ट ती करू शकत नाही.

७. बांद्र्याचं कौटुंबिक न्यायालय

आधी एक गैरसमज काढून टाकू. परदेशी घटस्फोट ‘रजिस्टर’ करून देणारं कुठलंही कार्यालय भारतात नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर उठून या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या चाळणीतून जाणारा निकाल मुळातच बंधनकारक असतो आणि प्रमाणित प्रत दाखवल्यावर तो अधिकार असलेल्या कोर्टाने दिला असं कलम १४ खाली गृहीत धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. दोघंही परदेशी स्थायिक असतील, दोघांनी संमती दिलेली असेल आणि इथे कुणी वाद घालत नसेल, तर कोर्टात जायची गरज पडेलच असं नाही.

गरज पडते ती संशयाला जागा असते तेव्हा, किंवा पुढे मोठा निर्णय असतो तेव्हा: पुन्हा लग्न, वारसाहक्क, सामाईक फ्लॅट. तेव्हा आपली वैवाहिक स्थिती जाहीर करून घेण्याचा दावा करता येतो. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ मध्ये तो अधिकार स्पष्ट दिलेला आहे. बहिणीने हेच केलं, कारण तिला इथे पुन्हा लग्न करायचं होतं आणि समोरच्या घरच्यांना कागद पक्का हवा होता. त्यात मला काही गैर वाटत नाही.

अधिकारक्षेत्र पाहा. लग्न मुंबईत झालं, दोघं शेवटचे मुंबईत एकत्र राहिले, किंवा पत्नी अर्जदार असून ती मुंबईत राहते, अशा आधारांवर बांद्रा-कुर्ला संकुलातलं न्यायालय चालतं. मुलुंडपर्यंत मुंबई. ठाणे, डोंबिवली, कल्याण हा ठाणे जिल्हा, तिथल्यांनी बांद्र्याला दाखल करून परत फिरू नये.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती मागायचा अर्ज वकील वकालतनाम्याबरोबर देतो. प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जाऊ शकतं. दोघांचा घटस्फोट आधीच झालाय, हे तिथे शांतपणे सांगा आणि निकाल दाखवा. समोरच्या व्यक्तीची हरकत नसेल तर तिचं दूतावासात साक्षांकित केलेलं ना-हरकत प्रतिज्ञापत्र मागवा, समन्सच्या लांबलचक फेऱ्यातून सुटका होते. दाखल झाल्यावर मिळणारा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक फोनमध्ये ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख त्यावरून कळते.

मुखत्यारपत्र घेऊन मी अर्ज दाखल करू शकले, तारखांना उभी राहू शकले. साक्ष मात्र तिची मी देऊ शकत नाही. जे फक्त तिला माहीत आहे, ते तिनेच सांगायला हवं. त्यासाठी व्हिडिओद्वारे साक्षीची परवानगी आधी मागून ठेवा. कोर्ट काही वेळा भारतीय दूतावासात बसून साक्ष द्यायला सांगतं, तशी तयारी हवी. घरून परवानगी मिळाली तरी वेळेचं भान ठेवा: मुंबईत सकाळचे अकरा म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा. साक्षीच्या वेळी मूळ कागदांवर ‘निशाणी’ क्रमांक पडतो. ज्या कागदाला निशाणी नाही, तो पुराव्यात नाही. वकिलाबरोबर बसून एकेक कागदाला निशाणी पडली की नाही ते तपासा.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. प्रमाणित नकला चार-पाच घ्या. एकेक कार्यालय एकेक ठेवून घेतं.

८. पोटगी, मुलं, घर यांचा हिशेब वेगळा

घटस्फोट ग्राह्य धरला म्हणून त्या निकालातलं सगळंच इथे लागू झालं, असं होत नाही.

परदेशी कोर्टाने ठरवलेली रक्कम वसूल करायची असेल तर देश कुठला ते पाहा. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड, हाँगकाँग आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती यांच्या वरिष्ठ कोर्टांचे पैशांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट अंमलबजावणीला लावता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नव्याने दावा करावा लागतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती चुकवू नका.

मुलांच्या ताब्याबाबत परदेशी आदेश भारतीय कोर्ट विचारात घेतं, पण मुलाचं हित काय हे स्वतः ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते पुन्हा सांगितलं. मुलं पळवून नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. म्हणून मुलांना घेऊन इकडे येण्याआधी, किंवा समोरचा घेऊन आला असेल तर ताबडतोब, वकील गाठा. इथे दिवसांनाही महत्त्व असतं.

मुंबईतल्या फ्लॅटची मालकी परदेशी कोर्ट ठरवू शकत नाही. समझोत्यात ‘घर तिला’ लिहिलं असलं, तरी इथे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करूनच ते तिच्या नावावर होतं. समझोत्यातच तो दस्त अमुक मुदतीत करून देण्याची अट घाला.

९. पुन्हा लग्न आणि बाकीची कार्यालयं

परदेशी निकाल कच्चा असताना लग्न केलं, तर हिंदू विवाह कायद्याने ते दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. अपिलाची मुदत संपल्याचीही खात्री करा. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची असेल, तर दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस जातात. हॉल बुक करण्याआधी हे गणित मांडा.

पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढायला पासपोर्ट सेवा केंद्रात निकालाची प्रमाणित प्रत न्या. मग बँक, पीएफ, विमा, सोसायटी इथली नामनिर्देशनं बदला. मृत्युपत्र नसेल तर करा आणि जुनं असेल तर नवं करा, कारण घटस्फोट इथे टिकला नाही तर कायद्याने पत्नी पहिल्या वर्गातली वारस राहते आणि तुमच्या पश्चात आईवडिलांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

१०. उलट दिशेने जायचं असेल तर

बांद्र्याचा घटस्फोट परदेशात दाखवणं बहुधा सोपं जातं. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, निकाल भारतात वैध असेल आणि दोघांपैकी एकजण भारताचा रहिवासी किंवा नागरिक असेल, तर तो सर्वसाधारणपणे मानला जातो. जर्मनीत राज्याच्या न्याय प्रशासनाकडून आधी मान्यतेचा आदेश घ्यावा लागतो, त्याशिवाय तिथे पुन्हा लग्न नोंदवता येत नाही. मात्र स्टॅम्प पेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत कुठेच दाखवू नका. जातीची सिद्ध झालेली रूढी असल्याशिवाय ती इथेही चालत नाही आणि परदेशी व्हिसा अधिकारी तर कोर्टाचा हुकूमनामाच मागतो. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि तो देश आपलं अपोस्टिल मानत असेल, तर मूळ प्रमाणित नकलेवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घेतल्यावरच पाठवा.